ओरिजिनल आहे का हो?

इंग्लंडात किंवा अमेरिकेत रविवारी सकाळी रस्त्यावर एसी कोब्रा ही जुनी स्पोर्ट्स कार दिसली, तर ती एसी कोब्रा नाही असं धरून चालायला हरकत नाही. हिशेब सोपा आहे. 1962 ते 1967 या काळात खऱ्या कोब्रा बनल्या जेमतेम हजारभर. त्यांतल्या काही शर्यतींत कामी आल्या, काही रस्त्याकडेच्या झाडांनी थांबवल्या. उरलेल्या सध्या अशा गोदामांत राहतात जिथलं तापमान मालकाच्या बेडरूमपेक्षा जास्त काळजीनं सांभाळलं जातं. नकला मात्र हजारोंनी निघाल्या आणि अजून निघताहेत. तेव्हा समोरून फुगीर गालांची, तोंडाचा चंबू केलेली, कडेला जाडजूड सायलेन्सर बांधलेली गाडी गडगडत आली तर ती किट कार. पैज लावायची तर खुशाल लावा.

हे मालकालाही माहीत असतं, पण जग त्याला विसरू देत नाही. पेट्रोल भरायला थांबला की शेजारच्या पंपावरचा माणूस जवळ येतो, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालतो, आदरानं मान हलवतो आणि विचारतो, "ओरिजिनल आहे का हो?" मालक म्हणतो, "नाही हो, किट आहे. मीच बनवली." यातलं दुसरं वाक्य खरं तर पहिल्यापेक्षा कितीतरी मोठं आहे. स्वतःच्या हातानं मोटार बनवली, असं सांगणारी माणसं एका आयुष्यात किती भेटतात? पण विचारणाऱ्याचा चेहरा पहिल्या वाक्यालाच पडलेला असतो. "अच्छा, किट होय," म्हणत तो आपल्या गाडीकडे वळतो. वळताना कडेच्या सायलेन्सरला पोटरी लागून भाजते. तो चटका मात्र शंभर टक्के ओरिजिनल असतो.

किट कारचं तंत्र असं. एखादी छोटी कंपनी पोलादी चासी आणि फायबरची बॉडी बनवून देते. बाकीचा ऐवज, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल, स्टिअरिंग, ब्रेक, हे सगळं एका जुन्या गाडीतून काढायचं. त्या गाडीला डोनर म्हणतात, दात्याचा मान देऊन. दान संपल्यावर ती भंगारात जाते. अमेरिकेत फोर्ड मस्टँगनं हा मान पुष्कळ मिळवला. इंग्लंडात फोर्ड एस्कॉर्ट आणि सिएरा, थोडा ऐपतदार माणूस असेल तर जॅग्वार. इंग्रजी कोब्रात रोव्हरचं व्ही-एट इंजिन बसवण्याची जुनी रीत आहे. आता हे रोव्हरचं इंजिन मूळचं अमेरिकन ब्यूकचं. अमेरिकेत नकोसं झालं म्हणून रोव्हरनं हक्कांसकट विकत घेतलेलं. म्हणजे इंग्रजी बॉडीत अमेरिकन इंजिन. गंमत अशी, की नेमकी हीच मूळ कोब्राची पाककृती.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात, त्या यादीत स्पोर्ट्स कारचं नाव का घातलं नाही कळत नाही. कोब्राच्या आधी होती एसी कंपनीची 'एस'. लंडनजवळ थेम्स डिटन इथे 1953 साली ती आली. तिचा सांगाडा एसीचा नव्हता. जॉन टोजिरो नावाच्या माणसानं शर्यतीसाठी जी गाडी बनवली होती, तिचा तो घेतला. तिचा चेहरा टोजिरोचाही नव्हता. तो फेरारी 166 वरून बेतलेला होता, आणि बेतणाऱ्यानं फार लपवाछपवीही केली नव्हती. पुढे तिच्यात ब्रिस्टल कंपनीचं इंजिन आलं. ब्रिस्टल म्हणजे अस्सल इंग्रज, विमानं बनवणारी कंपनी. पण इंजिन होतं युद्धापूर्वीच्या बीएमडब्ल्यू 328 चं. युद्ध संपल्यावर त्याचे आराखडे इंग्लंडात पोचले होते. चेहरा इटालियन, इंजिन जर्मन, चासी तिसऱ्याचीच, आणि नाकावर बिल्ला इंग्रज. अशा गाडीला आज आपण 'अस्सल ब्रिटिश क्लासिक' म्हणतो आणि तिची नक्कल करणाऱ्याला नाकं मुरडतो.

1961 च्या सुमाराला ब्रिस्टलनं ते इंजिन बंद केलं आणि एसीवर पंचाईत ओढवली. इथे प्रवेश होतो कॅरोल शेल्बीचा. टेक्ससचा हा गडी आधी कोंबड्या पाळायचा. कोंबड्या रोगानं मेल्या आणि जगाला एक शर्यतपटू मिळाला. एकदा वेळ नव्हता म्हणून शेतावरचा पट्ट्यापट्ट्यांचा ओव्हरऑल घालूनच तो शर्यतीला गेला, लोकांना गंमत वाटली, मग तोच त्याचा गणवेश झाला. 1959 साली त्यानं अ‍ॅस्टन मार्टिनमधून ल मानची चोवीस तासांची शर्यत जिंकली आणि पुढच्याच वर्षी हृदयविकारामुळे शर्यती सोडल्या. आता त्याला स्वतःची गाडी हवी होती. त्याच्याकडे कारखाना नव्हता, इंजिन नव्हतं, गाडी नव्हती आणि भांडवलही नव्हतं. म्हणजे उद्योजकाला लागणारं बाकी सगळं होतं. त्यानं एसीला पत्र टाकलं, तुमच्या गाडीत अमेरिकन व्ही-एट बसवू या. फोर्डला गाठलं, तुमचं इंजिन द्या, शेवरलेच्या कॉर्व्हेटला पाणी पाजतो. दोघंही हो म्हणाले. एकाला वाटलं याच्याकडे इंजिन आहे, दुसऱ्याला वाटलं गाडी आहे, असं सांगतात.

1962 साली पहिली कोब्रा उभी राहिली. इंग्लंडातून इंजिनाविना आलेल्या गाडीत लॉस एंजेलिसजवळच्या एका गॅरेजात दोस्तांच्या मदतीनं फोर्डचं इंजिन बसवलं. डोळे मिटून हे वाक्य पुन्हा म्हणून पाहा: बॉडी एकाकडची, इंजिन दुसऱ्याचं, जुळणी गॅरेजात. यालाच किट कार म्हणतात! पुढचा भाग तर आणखी सरस. मासिकवाल्यांना चालवून बघायला द्यायला शेल्बीकडे ही एकच गाडी होती. मग दर मासिकाला देण्याआधी तिला नवा रंग फासायचा. एकाला पिवळी, दुसऱ्याला लाल, तिसऱ्याला निळी. वाचकांना वाटलं, कारखाना धडाधड चालू आहे. तीच बहुरंगी गाडी 2016 साली कॅलिफोर्नियात लिलावात गेली 1 कोटी 37 लाख 50 हजार डॉलरला. त्या वेळच्या दरानं नव्वद कोटी रुपयांच्या वर.

तिच्या पुढची भावंडंही काही साधी नव्हती. '427' नावाची राक्षसी कोब्रा 1965 साली आली. 427 म्हणजे इंजिनाचे घन इंच. पण ते इंजिन महाग पडायचं. तेव्हा काही गाड्यांत फोर्डचं साधं, स्वस्त 428 बसवून दिलं. आकडा एकानं जास्तच आहे, तक्रार कुठे करणार? आज ज्या '427' साठी संग्राहक जीव टाकतात त्यांतल्या काहींत 427 नाहीच. उलट एखाद्या निवृत्त मास्तरानं गॅरेजात बनवलेल्या नकलेत खरंखुरं 427 सापडतं, कारण त्या बापड्याला ओरिजिनल असण्याची हौस असते. आणि पुढे शेल्बीसाहेबांनी 1965 सालच्या शिल्लक चासी नंबरांवर काही कोब्रा 'पूर्ण' करून विकायला काढल्या. त्यांच्या चासी मात्र नव्या करवून घेतलेल्या होत्या, हे 1993 साली लॉस एंजेलिस टाइम्सनं छापलं. नंतर याच गृहस्थांनी नकला बनवणाऱ्यांवर दावेही लावले. माणसानं सातत्य ठेवावं, पण त्याचा अतिरेक करू नये.

आता बनवणाऱ्यांकडे वळू. किट कार बनवणारा इंग्रज साधारण पन्नाशी ओलांडलेला असतो. मुलं घराबाहेर पडलेली, गुडघे कुरकुरू लागलेले, आणि घराला गॅरेज. इंग्लंडातल्या गॅरेजात गाडी कधीच नसते; तिथे रंगाचे अर्धे डबे, मोडकी सायकल आणि वापरात नसलेली ट्रेडमिल असते. मे महिन्याच्या सुरुवातीला वॉरिकशरमधल्या स्टोनलीला किट कारचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे हा 'नुसता बघायला' जातो. शरदात खोकी येतात. बायकोला सांगितलेलं असतं, दोन हिवाळ्यांचं काम. आपल्याकडचा बिल्डर 'दिवाळीला ताबा' म्हणतो आणि कुठली दिवाळी ते सांगत नाही, त्यातलाच प्रकार. पहिला महिना फार सुखाचा. चासीला चाकं लागतात, वर बॉडी ठेवून बघतात, गाडी दिसते अगदी गाडीसारखी! त्यात बसून तोंडानं इंजिनाचा आवाजही काढून होतो. शेजाऱ्याला वाटतं झालीच. मग बॉडी उतरवतात आणि खरं काम सुरू होतं. दरवाजा आणि त्याची चौकट हे दोन वेगवेगळ्या माणसांनी, बहुधा वेगवेगळ्या देशांत बनवले असावेत असं वाटायला लागतं. वायरिंगचा गठ्ठा सोडवायला बसलेला माणूस जेवायला येत नाही आणि आला तर बोलत नाही. डावा इंडिकेटर लावला की हॉर्न वाजतो. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये एकदा तरी एखादा रंगवलेला ब्रॅकेट वाळवायला ठेवलेला असतो, आणि त्या दिवसापासून 'दोन हिवाळे' हा शब्दप्रयोग घरात निषिद्ध होतो.

म्हणूनच या जगातलं सगळ्यात हृद्य वाङ्मय म्हणजे छोट्या जाहिराती. 'कोब्रा रेप्लिका, अर्धवट. सर्व महागडे भाग घेतलेले. किरकोळ काम बाकी. कौटुंबिक कारणास्तव विकणे.' किरकोळ काम म्हणजे इंजिन. कौटुंबिक कारण म्हणजे तो ओव्हन.

जो टिकतो त्याच्यापुढे सरकार उभं राहतं. ब्रिटनमध्ये घरी बनवलेल्या गाडीला रस्त्यावर यायला आयव्हीए नावाची तपासणी पास व्हावी लागते. तपासनीस ब्रेक बघतो, धूर बघतो, स्पीडोमीटर खरं बोलतो का ते बघतो, ते ठीकच. पण त्याचं खरं प्रेम धारेवर. बाहेरची कुठलीही कड अडीच मिलिमीटरपेक्षा कमी गोलाईची नको, पादचाऱ्याला लागेल. हातात मापक घेऊन तो गाडीवरून असा फिरतो की मालकाला स्वतःच्या नाकाचीही काळजी वाटावी. आणि कोब्राचं रूप तर साठच्या दशकातलं, जेव्हा पादचाऱ्याचा विचार पादचारीच करत. यावर तोडगा असा, की तपासणीच्या दिवशी गाडीला जागोजागी काळ्या रबराची किनार चिकटवायची. गाडी पास होते. घरी पोचेपर्यंत किनार गळून पडलेली असते. कशी, ते कोणी विचारत नाही. बाकी गाडीत इतक्या वयांचे भाग असतील की नेमकं वय ठरवता येत नाही, तर नंबर मिळतो 'क्यू' अक्षरानं सुरू होणारा. मालकाला हे अक्षर अजिबात आवडत नाही. आपली गाडी 1965 ची वाटावी म्हणून इतकं केलं आणि सरकारनं नाकावरच लिहून दिलं, हिचा जन्म कधीचा ते सांगता येत नाही.

इंग्रजाला हा नाद लावला सरकारनंच, हे मात्र सांगायला हवं. 1957 साली कॉलिन चॅपमननं लोटस सेव्हन काढली. तेव्हा तयार गाडीवर जबर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. चॅपमन म्हणाला, मग आम्ही सुटे भागच विकतो, जोडायचं तुम्ही. कर खात्यानं अट घातली: जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत. त्यावर लोटसनं, म्हणे, गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या, आणि गिऱ्हाईकानं त्या शेवटापासून वाचल्या. कर चुकवण्याचे मार्ग आम्हीही पाहिलेत, पण पुस्तक उलटं वाचून चुकवलेला कर हा एकच. 1973 साली व्हॅट आला, ती सवलत गेली, लोटसनं सेव्हन सोडली आणि कॅटरहॅम या विक्रेत्यानं तिचे हक्क घेतले. तिथून पुढे सेव्हनच्या इतक्या नकला झाल्या की 1996 मध्ये अडीचशे पौंडात स्वतःची स्पोर्ट्स कार कशी बनवावी याचं पुस्तकच निघालं. डोनर जुनी एस्कॉर्ट, सांगाडा चौकोनी नळ्यांचा, वेल्डिंग स्वतःचं. अडीचशे पौंडात गाडी झालेला माणूस मात्र शोधावा लागेल. वेल्डिंग यंत्राचा खर्च पुस्तकातल्या पौंडांत धरत नसावेत.

पोर्शचंही तसंच. 356 स्पीडस्टरची नक्कल करायची तर फोक्सवॅगन बीटलचा तळ घेऊन, मधून कापून आखूड करून, त्यावर फायबरची बॉडी चढवतात. पोर्शवाले नाक मुरडतात. पण 1948 ची पहिलीवहिली पोर्श बीटलच्याच भागांवर उभी होती. नक्कल करणाऱ्यानं पोरीला माहेरी नेलं, इतकंच.

फेरारीची गोष्ट वेगळी, कारण फेरारीला विनोद कळत नाही. 1984 साली 'मायामी व्हाइस' ही मालिका सुरू झाली. तीत गुप्त पोलीस काळी फेरारी डेटोना स्पायडर चालवायचा. (गुप्त पोलिसानं फेरारी चालवावी का, हा प्रश्न अमेरिकेत कुणाला पडला नाही.) ती डेटोना खरं म्हणजे शेवरले कॉर्व्हेटवर चढवलेली फायबरची बॉडी होती. जगभर फेरारीची फुकट जाहिरात चालली होती, पण ती दुसऱ्याच गाडीच्या जोरावर. फेरारीनं नक्कल बनवणाऱ्यावर दावा ठोकला आणि मालिकेला दोन खऱ्या टेस्टारोसा दिल्या. 1986 मध्ये मालिकेच्या तिसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात काळ्या डेटोनाला क्षेपणास्त्रानं उडवण्यात आलं. ट्रेडमार्कच्या कायद्याची इतकी सुस्पष्ट अंमलबजावणी एरवी बघायला मिळत नाही.

त्याच साली 'फेरिस ब्यूलर्स डे ऑफ' आला. त्यात एका पोराच्या बापाची लाडकी फेरारी 250 जीटी कॅलिफोर्निया काचेची भिंत फोडून मागच्या दरीत कोसळते. तशा गाड्या फेरारीनं अवघ्या शंभराच्या आसपास बनवल्या होत्या, तेव्हा दरीत टाकायला नक्कल वापरणं भागच होतं. या नक्कलवाल्यांनाही फेरारीची नोटीस गेलीच. पुढचं ऐका. चित्रपटातल्या त्या नकलांपैकी एक 2020 मध्ये लिलावात सुमारे 4 लाख डॉलरला गेली. घेणाऱ्यानं आधी खात्री करून घेतली, की ही ओरिजिनल नक्कलच आहे ना. बाजारात हल्ली डुप्लिकेट नकलाही येतात! आणि फेरारीच्या संस्थापकानं 1940 साली, स्वतःचं नाव लावायला बंदी होती तेव्हा, पहिली गाडी बनवली ती कशातून? फियाटच्या भागांतून. दोन बनवल्या, दोन्ही शर्यतीत अर्ध्यावर थांबल्या. तेव्हा फियाटनं दावा लावला नाही, एवढा मोठेपणा मान्य करायला हवा.

मोठ्या कंपन्यांना उशिरा एक गोष्ट उमजली, की आपली नक्कल आपणच केली तर तिला 'कंटिन्युएशन' म्हणता येतं. 1957 च्या फेब्रुवारीत जॅग्वारच्या कारखान्याला आग लागली आणि एक्सकेएसएस जातीच्या नऊ गाड्या जळाल्या. 2016 साली कंपनीनं जाहीर केलं, त्या नऊ आम्ही आता पूर्ण करतो. किंमत दहा लाख पौंडांच्या वर. ऑर्डर एकोणसाठ वर्षं उशिरा आली तर आपल्याकडे गिऱ्हाईक पैसे परत मागतं. तिथे रांग लागली. स्वीडनमधल्या एका जोडप्यानं जॅग्वार सी-टाइपची नक्कल केली तेव्हा त्यांना कोर्टात खेचलं. 2021 मध्ये जॅग्वारनं स्वतःच नव्या सी-टाइप काढल्या. पण कळस अ‍ॅस्टन मार्टिनचा. 'गोल्डफिंगर' मधल्या बाँडच्या डीबी5 च्या पंचवीस हुबेहूब प्रती त्यांनी विकल्या, करांखेरीज साडेसत्तावीस लाख पौंडांना एक. मागे धूर सोडणारं यंत्र, खोट्या मशीनगन, आणि कळ दाबली की फिरणारी नंबर प्लेट. गाडी रस्त्यावर चालवायला परवानगी नाही. म्हणजे फिरणारी नंबर प्लेट आहे, नंबर मात्र नाही! गॅरेजात तीन वर्षं घासलेल्या मास्तराला निदान 'क्यू' तरी मिळतो.

आपल्याकडे हा छंद का नाही, याचं कारण हात नाहीत असं मुळीच नाही. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सनं 1928 साली गाड्या जोडायला सुरुवात केली ती बोटीनं आलेल्या खोक्यांतूनच. महिंद्रांनी विलीज जीप इथे आणली तीही सुट्या भागांत. म्हणजे देशाचा मोटारधंदा किट कारनंच सुरू झाला. अडचण आहे पासिंगची. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रूपात बदल करू देत नाही, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं ते आणखी ठणकावून सांगितलं. नवीच गाडी बनवायची म्हणाल तर नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून घ्या. त्या तपासण्या कारखानदाराच्या खिशाला बेतलेल्या. हौशी माणसानं त्या करायच्या तर आधी कोब्राच विकावी लागेल, खरी. तरी कुणी गप्प बसलं नाही. अलिबागजवळ चिंकारा नावाच्या कंपनीनं लोटस सेव्हनच्या तोंडवळ्याची रोडस्टर बनवली, तिच्यात काँटेसातलं इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन घातलं. गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची फायबरची दोन माणसांची टपविरहित गाडी निघाली, रेनॉचं 1.2 लिटरचं इंजिन घेऊन. ती कशाची नक्कल नव्हती, आणि कदाचित म्हणूनच फार खपली नाही. जून ते सप्टेंबर कोकणात टप नसलेली गाडी चालवणं हा मोटारींचा नव्हे, पोहण्याचा प्रकार आहे, हेही असेल.

आणि 2021 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका लोहारकाम करणाऱ्या माणसानं भंगारातले भाग जोडून पोरासाठी छोटी जीप बनवली. खर्च साठ हजारांच्या आत. स्टार्टर नव्हता म्हणून बाजूला मोटरसायकलसारखी किक. व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी आधी प्रामाणिकपणे सांगितलं, की ही नियमांत बसत नाही; मग म्हणाले, ती आम्हाला द्या आणि बदल्यात नवी बोलेरो घ्या. सौदा झाला. बोलेरोला आरसी बुक आहे, विमा आहे, चावी आहे, आणि सांगलीत तशा शेकड्यांनी आहेत. किकची जीप महिंद्रांनी आपल्या संग्रहात नेली.